एका रकान्यात न मावणारा भेदभाव

जनरल मोटर्सचं नाव तळेगाव-चाकण पट्ट्याला नवं नाही. 2008 साली तळेगावला या कंपनीचा कारखाना सुरू झाला, डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, कामगार कोर्टकचेऱ्यांत गेले आणि 2024 मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला. याच कंपनीविरुद्ध 1970च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात पाच कृष्णवर्णीय कामगार स्त्रियांनी एक खटला भरला होता, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्या खटला हरल्या. पण त्या निकालाची चिरफाड करताना जो विचार पुढे आला, तो आज जगभर 'इंटरसेक्शनॅलिटी' या नावानं शिकवला जातो.

नाव बोजड असलं, तरी विचाराचं एक मूळ मोटारीच्या कारखान्यात आहे. कामावर कोणाला घेतात आणि मंदी आली की आधी कोणाला काढतात, हा त्यातला प्रश्न. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

पाच जणींचा खटला

1964 पूर्वी जनरल मोटर्स कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नव्हती, असं त्या खटल्यात पुढे आलं. त्या वर्षी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आली आणि या स्त्रियांसाठी दार किलकिलं झालं. पुढे मंदी आली. कंपनीनं सेवाज्येष्ठतेनुसार कपात केली, म्हणजे जो शेवटी आला तो आधी बाहेर. 1970 नंतर कामाला लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या त्यात गेल्या.

कपातीच्या नियमात वंशाचा उल्लेख नव्हता आणि लिंगाचाही नव्हता. नियम फक्त रुजू झाल्याची तारीख पाहत होता. पण जिला इतकी वर्षं गेटच्या आत घेतलं नाही, तिची सेवा लांब असणार कुठून? जुना अन्याय तारखेच्या रूपानं नव्या नियमात शिरला होता. आपल्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातही कपातीसाठी 'शेवटी आला तो आधी गेला' हेच तत्त्व होतं. मालकाच्या मर्जीला चाप लावणारं ते तत्त्व कामगारांच्या हिताचंच आहे. मात्र कोण कधी आत येऊ शकलं, हे ते विचारत नाही.

एम्मा डीग्रॅफनराइड आणि त्यांच्या चार सहकारी न्यायालयात गेल्या. 1976 साली निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं असं, की कंपनीनं स्त्रियांना नोकऱ्या दिलेल्या आहेत, तेव्हा लिंगभेद झालेला नाही. वंशभेदाची तक्रार असेल, तर ती आधीच चालू असलेल्या दुसऱ्या दाव्याला जोडावी. दोन्ही कारणं एकत्र करून 'कृष्णवर्णीय स्त्रिया' असा वेगळा गट मानला, तर उद्या अशा जोडण्यांना अंतच राहणार नाही. प्रत्यक्षात कंपनीनं घेतलेल्या 'स्त्रिया' गोऱ्या होत्या आणि बहुतेक कार्यालयीन कामावर होत्या. यंत्रांवरचे 'कृष्णवर्णीय' म्हणजे पुरुष होते. कंपनीच्या दोन्ही रकान्यांत आकडे होते. त्या पाच जणी कोणत्याच रकान्यात नव्हत्या.

1989 साली किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीनं एका लेखात याच निकालावर बोट ठेवलं आणि इंटरसेक्शनॅलिटी ही संज्ञा वापरली. त्यांनी दाखला दिला तो चौकाचा. आपण चाकणचा तळेगाव चौक डोळ्यांसमोर आणू. पुणे-नाशिक रस्त्यावरून वाहनं येतात, तळेगाव-शिक्रापूर रस्त्यावरूनही येतात. चौकात उभ्या असलेल्या बाईला धक्का या रस्त्यावरच्या गाडीचा बसेल, त्या रस्त्यावरच्या गाडीचा बसेल किंवा दोन्हींचा एकदमच बसेल. पंचनाम्याला आलेला माणूस 'आधी रस्ता कोणता ते सांगा, मगच अपघात नोंदवतो' म्हणाला, तर तिचा अपघात कधी नोंदलाच जाणार नाही.

धोटा आणि तोंडानं ओढलेलं सूत

शब्द 1989चा असला, तरी महाराष्ट्रातल्या लोकांनी ही गोष्ट फार आधी हेरली होती.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला मिळे. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं, की नवं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत, म्हणून सवर्ण विणकरांना अस्पृश्य कामगार शेजारी नको होते. मग अस्पृश्यांच्या वाट्याला कमी मजुरीची कताईची कामं आली. 1928च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मालकानं मजुरी कापली तर तो अन्याय, आणि कामगारांनीच कामगाराला चांगल्या खात्याबाहेर ठेवलं तर ते काय, असा त्यांचा रोख होता. 1938 साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं त्यांनी सांगितलं. दोन वेगळ्या लढाया नव्हेत, एकाच माणसावर एकाच वेळी येणारी दोन ओझी, अशी ती मांडणी होती.

1928च्या संपाच्या काळातच बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 साली तो कायदा झाला. पुढच्या दशकांत गिरण्यांमधलं स्त्रियांचं प्रमाण घटत गेलं. त्यामागे यंत्रं आणि पाळ्यांची फेररचना अशी अनेक कारणं होती, पण प्रसूतीचा खर्च टाळण्यासाठी बायकाच न घेणं ही मालकांची सोयीची वाटही त्यात होती. एका बाजूनं हक्क मिळाला, तर दुसऱ्या बाजूनं कामच हातचं जातं, हा अनुभव जुना आहे.

त्याहीमागे जायचं, तर 1855 साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अस्पृश्यांवरच्या जुलमाबद्दल लिहिताना ती आपल्या जातीतल्या बाळंतिणींपाशी थांबते. डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बाईचं दुःख तिला जातीच्या दुःखापासून वेगळं काढता येत नाही. सवर्ण बाईचं बाळंतपण आणि मांग पुरुषाची हालअपेष्टा यांची बेरीज केली, तरी त्या बाळंतिणीचं दुःख हाती लागत नाही, हे त्या शाळकरी मुलीला कळलं होतं.

अमेरिकेशी धागाही आपल्याकडूनच जोडला गेला होता. 1873 साली फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. 1946 मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं.

जात म्हणजे वंश आहे का?

नाही. आणि हे बाबासाहेबांनीच ठणकावून सांगितलं होतं. जातींचं मूळ वंशात शोधणारा सिद्धांत त्यांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये आणि दहा वर्षांनी शूद्रांवरच्या ग्रंथात खोडून काढला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असं त्यांचं प्रतिपादन होतं. 2001 साली डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद भरली तेव्हा जातीचा विषय तिथे घ्यावा की नाही, यावर मोठा वाद झाला. भारत सरकारनं विरोध केला, दलित संघटनांनी आग्रह धरला.

मूळ वेगळं असलं, तरी चालण्याची पद्धत मात्र फार सारखी आहे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणं, कामं वाटून देणं, घर नाकारणं, लग्नाच्या सीमा आखणं आणि सीमा ओलांडली की हिंसा करणं, हे दोन्हीकडे आहे. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही नावं एका ओळीत येतात. भेदभाव 'केवळ' या कारणांवरून होता कामा नये, असं तो अनुच्छेद सांगतो. न्यायालयांनी दीर्घ काळ या 'केवळ'चा अर्थ असा लावला, की कारण एकटं आणि निखळ असलं पाहिजे. त्यामुळे दोन कारणं मिसळली, की तक्रार निसटू लागली.

भंवरीदेवी राजस्थानातल्या कुंभार समाजातल्या. सरकारी योजनेत साथिन म्हणून काम करताना त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, आणि 1992 साली वरच्या जातीतल्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. या घटनेनंतर 1997 चा विशाखा निकाल आला आणि त्यातून पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. आज चाकणच्या प्रत्येक मोठ्या कंपनीत जी अंतर्गत समिती असते, तिचं मूळ इथे आहे. पण विशाखा निकालात भंवरीदेवी फक्त काम करणारी स्त्री म्हणून दिसतात. त्यांची जात तिथे नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण खैरलांजीचं. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आलं. त्यांत आई आणि मुलगी होती. दोषींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो असं न्यायालयानं मानलं नाही आणि स्त्रियांवरचे लैंगिक अत्याचारही सिद्ध झाल्याचं मानलं नाही. सूड म्हणून केलेले खून, एवढंच उरलं.

चित्र थोडं बदललं ते 27 एप्रिल 2021 रोजी. अंध आणि अनुसूचित जातीतल्या एका तरुणीवरच्या बलात्काराच्या खटल्यात, पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या निकालात, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शहा यांच्या पीठानं इंटरसेक्शनॅलिटीचा उघड आधार घेतला. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र आल्यानं होणारा जाच सुटासुटा मोजता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं. तरीही पुराव्याअभावी अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा तिथे टिकली नाही. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. विचार मान्य झाला, पण तो पुराव्यात कसा आणायचा, हे कोडं उरलंच.

गेटच्या आत, गेटच्या बाहेर

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज आले. चार गावं मिळून नगरपालिका आणि 1982 साली महापालिका झाली. 2011च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे होती. या शतकात मोटारींचा भार उत्तरेला चाकणकडे सरकला. या वाटचालीत कारखान्यातली सगळ्यात ठळक रेषा जातीची किंवा भाषेची राहिली नाही. ती 'पर्मनंट' आणि 'कॉन्ट्रॅक्ट' यांच्यामधली झाली. एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांचा पगार, बस, कॅन्टीनचं कूपन आणि सुट्टी वेगवेगळी असते, ती या रेषेमुळे.

रेषा कागदावर तटस्थ आहे. पण तिच्या कोणत्या बाजूला कोण जातं, ते बघावं लागतं.

पहिली गाठ ठेक्याची. 'ब्रेक' हा इथला रोजचा शब्द घ्या. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार तात्पुरत्या कामगारानं वर्षात 240 दिवस भरले, की त्याला कायम होण्याचा दावा करता येत आला आहे. म्हणून सात महिने होत आले की ब्रेक द्यायचा आणि पुन्हा नव्या ठेकेदाराच्या नावावर घ्यायचं, अशी रीत पडली. पुरुषाचा यात कायम होण्याचा हक्क जातो. बाईचं आणखी एक जातं. प्रसूती लाभाच्या तरतुदींत 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण त्यासाठी बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत एकाच मालकाकडे 80 दिवस काम केलेलं असावं लागतं. कागदावर ठेकेदार बदलत राहिला, तर हे दिवस कोणाच्या हजेरीपत्रकात मोजायचे? गर्भारपण दिसू लागण्याच्या सुमारास ब्रेक मिळाला, तर तो ठेक्याचा नेहमीचा ब्रेक होता की तिला बाई म्हणून दिलेला ब्रेक होता? दोन्ही नियम पाळले गेले असं दाखवता येतं, आणि ती मात्र कामाविना आणि रजेविना घरी असते.

रात्रपाळीचंही तसंच. 1948 च्या कारखाने कायद्यानं स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला बंदी केली होती. पुढे सवलती आल्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी स्त्रीच्या संमतीनं रात्रपाळीला मोकळीक दिली. बंदी उठणं चांगलंच. पण पर्मनंट बाईची संमती आणि पुढच्या महिन्याचा गेटपास ठेकेदाराच्या हातात असलेल्या बाईची संमती सारख्या वजनाची नसते.

दुसरी गाठ जमिनीची आहे. 'स्थानिकांना प्राधान्य' ही मागणी या पट्ट्यात मोठी आहे, आणि उद्योगांत 80 टक्के स्थानिक घ्यावेत हे राज्याचं धोरण 1968 पासूनचं आहे. खेड आणि मावळमधल्या ज्या घरांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या, त्यांच्यातल्या काहींनी मोबदला, भाड्याच्या खोल्या, ट्रान्सपोर्ट, भंगार आणि लेबर पुरवठ्याचे ठेके यांतून नवं बस्तान बसवलं. पण त्याच गावातल्या भूमिहीन घराकडे, मग ते दलित वस्तीतलं असो की ठाकर-कातकरी वाडीवरचं, विकायला जमीनच नव्हती. सातबारा नाही म्हणून मोबदला नाही, भांडवल नाही म्हणून ठेका नाही. तेही स्थानिक, तेही भूमिपुत्र. पण 'भूमिपुत्रांवर अन्याय' म्हणताना डोळ्यांसमोर येतो तो जमीन असलेला पुरुष. लातूर-बीडहून आलेला आयटीआयचा पोरगा सरकारी धोरणात स्थानिक आणि गावच्या नजरेत बाहेरचा. या सगळ्यांच्या खाली 'भैय्या' म्हणून हाक मारला जाणारा उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार. 2008 साली उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा पुणे आणि नाशिकमधून अनेक कामगार गाव गाठायला निघाले होते.

तिसरी गाठ चेहऱ्याची. इथे आपण शब्दशः वंशवादापाशी येतो. ऑगस्ट 2012 मध्ये आसाममधल्या दंगलींनंतर पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली, अफवा उठल्या आणि पुणे, बेंगळुरूसह अनेक शहरांतून हजारो जण रेल्वेनं परत गेले. त्यातले मणिपुरी, नागा, मिझो हे भारतीयच होते. त्यांना हेरलं गेलं ते नाकडोळ्यांवरून. 2020च्या साथीत याच चेहऱ्यांना देशभर 'कोरोना' म्हणून हिणवलं गेलं. ईशान्येची मुलगी सलूनमध्ये किंवा हॉटेलात काम करत असेल, तर परकेपणाच्या जोडीला चारित्र्याचा संशयही येतो. तिच्याबरोबर आलेल्या भावाला परकेपणाशी तोंड द्यावं लागतं. संशयाचं ओझं तिच्या एकटीवर असतं.

नावाचंही असंच. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. गेटवर विचारले जाणारे 'पूर्ण नाव काय, गाव कोणतं' हे दोन साधे प्रश्न भाषा, धर्म, जात आणि जिल्हा सगळं एका दमात सांगून टाकतात.

दुःखांची बेरीज नव्हे

या विचारावर आक्षेपही आहेत. एक असा, की ही कोण जास्त पीडित याची स्पर्धा आहे. दलित म्हणून एक गुण, बाई म्हणून एक, कंत्राटी म्हणून एक. हा गैरसमज आहे. क्रेनशॉ यांचा प्रश्न नियमांबद्दल होता: दोन नियम आपापल्या जागी ठीक असताना त्यांच्या मधल्या फटीत कोण पडतं? शिवाय तोच माणूस एका बाजूनं दबलेला आणि दुसऱ्या बाजूनं दाबणारा असू शकतो. परप्रांतीय म्हणून हिणवला जाणारा सुपरवायझर आपल्या हाताखालच्या बाईला छळू शकतो. ठेकेदाराच्या मनमानीनं पिचलेला मराठी तरुण दलित किंवा मुस्लिम कुटुंबाला खोली नाकारू शकतो.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. 1995 मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रियांचा आवाज वेगळा का आहे, यावर लिहिलं. 1998 मध्ये पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी तो धागा पुढे नेत दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली. हा फक्त 'वेगळेपणाचा' प्रश्न म्हणून बाजूला ठेवू नका, सगळ्या स्त्रीवादानंच इथून जग बघायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं होतं. 2015 मध्ये निवेदिता मेनन यांनी विचारलं, की जात आणि लिंग एकत्र बघण्याची परंपरा आपल्याकडे असताना ही आयात संज्ञा हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. मुक्ता साळवे यांचा निबंध वाचलेल्याला ती संज्ञा नसली तरी चालेल. ज्यानं तो वाचलेला नाही, त्याला ती डोळे उघडायला उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप कामगार चळवळीतून येतो: अशानं एकी फुटेल. त्याचं उत्तर गिरण्यांच्या इतिहासात आहे. विणकाम खात्याचं दार बंद ठेवून झालेली एकी अर्ध्या कामगारांची एकी होती, आणि तिच्या बाहेर राहिलेल्यांना संपात उतरायला सांगणं अवघड होतं.

मग करायचं काय? सुरुवात मोजण्यापासून करता येते. कंपन्या 'स्त्री कामगार इतके टक्के' असा आकडा अभिमानानं देतात, आणि चाकण-पिंपरीत फक्त स्त्रियांनी चालवलेल्या असेंब्ली लाइन आहेत ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. पण पुढचा प्रश्न विचारला जात नाही: यातल्या पर्मनंट किती, ट्रेनी किती, ठेकेदाराच्या किती? ब्रेक मिळालेल्यांत गर्भवती किती? अंतर्गत समितीकडे आलेल्या तक्रारींत कंत्राटी स्त्रियांच्या किती? 2013चा कायदा कंत्राटी, हंगामी आणि शिकाऊ स्त्रियांनाही लागू आहे. समितीत बसायला मात्र नेहमीच्याच दोन-चार पर्मनंट बायका निवडल्या जात असतील, तर लाइनवरची ट्रेनी मुलगी तिथे जाणार नाही. सेंट लुईसच्या निकालातली चूक हीच होती. आकडे होते, पण ते एकावर एक ठेवून कोणी पाहिले नाहीत.

या पट्ट्यात दर तीन-चार वर्षांनी युनियन आणि व्यवस्थापन वेतनवाढीचा करार करतात. किती हजारांची वाढ मिळाली, याच्या बातम्या छापून येतात, गुलाल उधळला जातो. त्या मागणीपत्रात कंत्राटी बाईचा ब्रेक आणि तिची बाळंतपणाची रजा ही एक ओळ घालायला कायदा आड येत नाही. 1928 मध्ये धोट्याची ओळ घालायलाही तो आड येत नव्हता. ती घालायला लावणारा माणूस लागला.